आदी उपस्थित होते

तालुक्याच्या गावात पत्रकार व्हायला पदवी लागत नाही, सोयरीक पाठ लागते. कोण कोणाचा साडू, कोणाची बहीण कोणाच्या चुलत्याकडे दिली आहे, कोणत्या दोन भावकींत बांधावरून कोर्टाच्या तारखा चालू आहेत, हे ज्याच्या जिभेवर आहे तोच इथे टिकतो. मुंबईच्या पत्रकाराने मंत्र्याविरुद्ध लिहिलं तर मंत्री फार तर नोटीस पाठवतो. मी सरपंचाविरुद्ध लिहिलं तर त्याच संध्याकाळी सरपंचाची आत्या आमच्या घरी येते, चहा पिते आणि बातमीबद्दल चकार शब्द काढत नाही. ती माझ्या बायकोची मामी आहे. ती गेल्यावर उरलेलं सगळं बायको बोलते.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा मी वार्ताहर. ओळखपत्रावर ‘तालुका प्रतिनिधी’ असं ठळक लिहिलेलं आहे. मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात, सदर इसम संस्थेचा नोकर नाही असा मजकूर आहे. पुढची बाजू मी पोलिसांना दाखवतो. मागची बाजू संस्था मला दिवाळीत बोनसच्या वेळी दाखवते. पगार हा शब्द आमच्यात कोणी उच्चारत नाही. मानधन असतं, आणि ते छापून आलेल्या मजकुराच्या सेंटिमीटरवर ठरतं. महिनाअखेरीला कात्री, डिंक आणि पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन बसायचं, कात्रणं मोजायची, कोऱ्या कागदावर चिकटवायची आणि बिल पाठवायचं. पत्रकारितेच्या वर्गात म्हणे ‘थोडक्यात लिहा’ असं शिकवतात. ज्याला लांबीवर पैसे मिळतात त्याला हे शिकवून बघा.

अर्थात त्या पैशांत घर चालत नाही, म्हणून तालुक्यातला प्रत्येक पत्रकार आणखी काहीतरी असतो. आमच्यात एक विम्याचा एजंट आहे, एक मास्तर आहे, एकाचं झेरॉक्सचं दुकान आहे. सगळ्यांत पोचलेला आहे तो फ्लेक्सवाला. कार्यक्रमाची बातमी आम्हाला कार्यक्रमाच्या दिवशी कळते, त्याला चार दिवस आधी. कारण बोर्डाची ऑर्डर त्याच्याकडे येते. कोण कोणत्या पक्षात चालला आहे हे त्याला त्या पक्षाच्या जिल्हाध्यक्षाआधी माहीत असतं. ‘डावीकडचा फोटो काढून उजवीकडं दुसरा टाक’ असा निरोप आला की तालुक्यात राजकीय भूकंप झाला, असं तो समजतो. बातमी मात्र देत नाही. गिऱ्हाइकाचं गुपित फोडलं तर धंदा बसेल, असं त्याचं म्हणणं. एवढी सचोटी मी पत्रकारितेत फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

माझ्याकडे पेपरची एजन्सी आहे. पहाटे गठ्ठे सोडायचे, पुरवण्या घालायच्या, पोरांना लाईन वाटून द्यायची. त्यामुळे ज्याच्या भानगडीची बातमी मी लिहितो, त्याच्याच दारात तो अंक माझाच माणूस टाकतो, आणि एक तारखेला महिन्याचं बिल मागायला मीच जातो. शोधपत्रकारितेच्या पुस्तकांत या टप्प्याचा उल्लेख नसतो.

मी सुरुवात केली तेव्हा बातम्या एसटीने जायच्या. पाकीट कंडक्टरच्या हातात द्यायचं, जिल्ह्याच्या स्टँडवर पेपरच्या कचेरीतला शिपाई येऊन घ्यायचा. पाकीट चिकटवायचं नाही असा रिवाज होता, त्यामुळे माझा पहिला वाचक कंडक्टर. तो तिकिटं फाडता फाडता वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी अभिप्रायही द्यायचा. ‘बाजार समितीचं तुम्ही फारच मऊ लिव्हलंय, पत्रकार.’ गाडी जिल्ह्याला पोचेपर्यंत वाटेतल्या गावांना बातमी कळलेली असायची. पुढे फॅक्स आला, मग ईमेल, मग व्हॉट्सअ‍ॅप. आता बातमी दोन मिनिटांत पोचते आणि एवढं मन लावून कोणी वाचत नाही.

पण आमच्या लेखनाचा खरा ऐवज म्हणजे नावं. एखाद्या पाण्याच्या टाकीचं लोकार्पण घ्या. टाकी किती लिटरची, खर्च किती, पाणी कुठून येणार, हे दोन ओळींत संपतं. त्यानंतर ‘यावेळी’ असा शब्द येतो आणि तिथून बातमी सुरू होते. आमदार, सभापती, माजी सभापती, भावी सभापती, सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, व्हाईस चेअरमन, तंटामुक्तीचे अध्यक्ष, पोलीस पाटील, युवा नेते, ज्येष्ठ नेते, आणि ज्यांचं पद ठरलेलं नाही म्हणून नुसते ‘नेते’. क्रम चुकला तर गावात भांडण लागतं. शेवटी ‘आदी उपस्थित होते’.

गंमत अशी की आमची नावं बातमीच्या शेवटी असतात, आणि जिल्ह्याच्या कचेरीत बसलेला उपसंपादक बातमी शेवटाकडूनच कापतो. जागा कमी पडली की चाळीसपैकी सहा नावं उरतात आणि चौतीस माणसं आदीमध्ये जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं एक माणूस हॉटेलात माझी वाट बघत बसलेलं असतं.

“आमचं नाव कुठं गेलं?”

“आहे की नाना. आदीमध्ये.”

“आदी म्हंजे कोण?”

“म्हणजे तुम्हीच.”

नाना गप्प बसले. चहा संपवला, माझ्याही चहाचे पैसे दिले. जाताना म्हणाले, “पुढच्या टायमाला आमदाराला आदीत घाला. माझं नाव लावा.” याला मी राजकीय जाणीव म्हणतो.

ती टाकी त्या दिवशी रिकामी होती. ते लिहायला जागा उरली नव्हती.

ज्याचं नाव, त्याची जाहिरात, असं सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. कचेरीकडून आम्हाला बातम्यांचं उद्दिष्ट कधी येत नाही, जाहिरातींचं येतं. पंधरा ऑगस्ट, दिवाळी, वर्धापनदिन, आणि साहेबांचा वाढदिवस. साहेबांचा वाढदिवस म्हणजे पानभर साहेब आणि त्यांच्या पायाशी पासपोर्ट आकाराचे शुभेच्छुक. मजकूर आम्हीच लिहितो. विकासपुरुष, दीनदुबळ्यांचे कैवारी, तालुक्याचे भाग्यविधाते. जाहिरात उधारीवर छापली जाते, कमिशन वसुलीनंतर मिळतं आणि वसुली आमच्याच गळ्यात असते. म्हणजे भाग्यविधात्याच्या बंगल्यावर साडेतीन हजार रुपयांसाठी मी चारदा जातो आणि भाग्यविधाते प्रत्येक वेळी मुंबईला गेलेले असतात. मधल्या काळात त्यांच्या टँकरच्या खेपांबद्दल माझ्या कानावर काही आलं तर मी काय करावं? आधी वसुली करावी, असं आमच्यातले अनुभवी लोक सांगतात. हे ऐकून शहरातले माध्यमतज्ज्ञ नाक मुरडतात. त्यांनाही उत्तर देता येईल, पण त्यांच्या परिसंवादाचे प्रायोजक कोण असतात ते मी वाचलेलं आहे.

गावात बसून हा धंदा ताठ मानेने करता येतो, हे एका माणसाने करून दाखवलं आहे, हे मान्य करायला हवं. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केलं आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून, सत्यशोधक विचाराने, १९६७ पर्यंत चालवलं. छापखाना खेड्यात, संपादक खेड्यात, वाचक खेड्यात. याच पाटलांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ नावाचा ओवीबद्ध ग्रंथ लिहून गावच्या कुलकर्ण्याच्या कारभाराची यथेच्छ रेवडी उडवली. गावच्या कारभाऱ्याची टिंगल ओव्या रचून करायची आणि पुन्हा त्याच गावात राहायचं, याला काय छाती लागत असेल ते सरपंचाच्या आत्यासमोर बसल्याशिवाय कळायचं नाही.

आमचा मान वर्षातून एकदा होतो, सहा जानेवारीला. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ साली याच दिवशी निघालं, म्हणून पत्रकार दिन. जांभेकर मूळचे देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, म्हणजे मराठी पत्रकारितेचा आद्य पुरुषही खेड्यातलाच, असं प्रमुख पाहुणे दरवर्षी सांगतात आणि आम्ही दरवर्षी टाळ्या वाजवतो. शाल, श्रीफळ, डायरी, पेन. आमच्या तालुक्यात पत्रकारांपेक्षा पत्रकार संघटना एकने जास्त आहेत, त्यामुळे डायऱ्या पुरून उरतात. सगळे पत्रकार त्या दिवशी व्यासपीठावर बसतात, म्हणून खाली ऐकायला कोणी नसतं. बातमी मात्र येते, आणि त्या एका दिवशी उपस्थितांची यादी कोणी कापत नाही.

आता पाण्याचं सांगतो, कारण आमच्याकडे शेवटी सगळं तिथेच जातं. उजनी धरणात शंभर टक्के भरल्यावर ११७ टीएमसी पाणी असतं. त्यातलं जवळपास ६४ टीएमसी हा मृतसाठा. टक्केवारी काढायची ती वरच्या ५३ टीएमसीवर. त्यामुळे उजनी पावसाळ्यात ११० टक्के भरते आणि उन्हाळ्यात उणे पन्नासच्या खाली जाते. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. शून्याच्या खाली पाणी कसं असेल, असं तो विचारतो. आमचा अर्धा ऊस, निम्मं राजकारण आणि सोलापूर शहराचा नळ त्या शून्याच्या खालच्या पाण्यावर चालतो, हे त्याला कसं सांगायचं?

एकदा मी ‘उजनी -२८ टक्के’ असं पाठवलं. कचेरीत नव्याने आलेल्या मुलाला ती आडवी रेघ संयोगचिन्ह वाटली. त्याने भाषा शुद्ध केली. सकाळी मथळा आला, ‘उजनी २८ टक्के!’ उद्गारचिन्हही त्याचंच. आठ वाजेपर्यंत माझ्या दारात सतरा माणसं. लागण करायची का, कालव्याला पाणी कधी सुटणार, मोटारी खाली न्यायच्या का वर आणायच्या? एका म्हाताऱ्याने मात्र मनापासून आभार मानले. “पेपरात तरी पानी आलं,” म्हणाला.

आमच्या दुष्काळाला असे आकडेच आकडे. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. चौसष्ट झाला तर नुसता पाऊस. पर्जन्यमापक बसवलेला असतो मंडळाच्या गावाला आणि ढग फुटतो चार मैलांवरच्या वस्तीवर. तिथे माती वाहून जाते, विहीर गाळाने भरते, आणि कागदावर रिमझिम असते. पैसेवारीचंही तेच. नजरअंदाज, सुधारित, अंतिम अशा तीन पायऱ्या चढून पीक रुपयात किती पैसे आलं ते ठरतं. पन्नास पैशांच्या आत आलं तर गावाला सवलती. त्यामुळे आमच्याकडे ४८ पैसे जाहीर झाले की लोक ‘सुटलो’ म्हणतात आणि ५२ आले की रास्ता रोको करतात. आपलं पीक चांगलं आलं असं सरकारने म्हटलं म्हणून चिडून रस्त्यावर बसणारी माणसं बघून परगावच्या पत्रकारांना हसू येतं. मलाही येतं, पण मी तेव्हा टोपी तोंडावर घेतो, कारण रस्त्यात बसलेल्यांत माझे सासरे असतात.

परगावचे पत्रकार दुष्काळातच येतात. मोठी गाडी, पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स, आणि मला फोन, “दादा, एक शेतकरी हवा होता.” त्यांना हवा असतो भेगाळलेल्या जमिनीवर बसून आभाळाकडे बघणारा. आमच्याकडे असे एक तात्या ठरलेले आहेत. चेहरा चांगला सुरकुतलेला, मिशा पांढऱ्या. आता ते इतके तयार झाले आहेत की कॅमेरा दिसताच विचारतात, “कपाळाला हात लावायचा, का नुस्तं वर बघायचं?” एकदा एका वाहिनीच्या बाईंनी त्यांना पटका काढायला सांगितला, पुढच्या वेळी दुसऱ्या वाहिनीने बांधायला सांगितला. तात्या मला म्हणाले, “ह्येंचं एकदा ठरवून घ्या बाबा.”

तात्यांची केळीची बाग आहे. उजनीच्या बॅकवॉटरवर, चांगली तीन एकर. ती कोणी विचारली नाही, म्हणून त्यांनी सांगितली नाही. त्यांना दुःख नाही असं नव्हे. दुःख आहे, पण ते भेगाळलेल्या जमिनीत दिसत नाही. त्यांचा धाकटा चौतिशीला आला आणि त्याला कोणी पोरगी देत नाही.

ही गोष्ट मला दहा-बारा वर्षांपासून माहीत होती. एकट्या तात्यांची नव्हे, गावोगावची. पत्रकाराच्या ओळखी फार, म्हणून माझ्या डिकीत बातम्यांच्या कागदांपेक्षा मुलांचे बायोडाटे जास्त. बागायत पाच एकर, निर्व्यसनी, घरी चारचाकी. मुलीकडचे एवढंच विचारतात, “नोकरी काय करतो?” पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा कंपनीतला पोरगा चालतो, इथला बंगल्यातला चालत नाही. एकाने तर नुसतं लग्न जमेपर्यंत चाकणला नोकरी धरली होती. हे सगळं मला माहीत होतं आणि मी त्यातलं एक सेंटिमीटर लिहिलं नव्हतं. कारण लिहिणार काय? कार्यक्रम नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, दीपप्रज्वलन नाही. एक पोरगा संध्याकाळी पारावर बसून मोबाईल बघतो आणि त्याची आई भाकरी थापताना उसासा टाकते, ही बातमी कुठल्या पानावर लावणार? आणि नाव कसं छापणार? छापलं तर उरलीसुरली स्थळंही जातील.

मग डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बिनलग्नाच्या तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. आम्हाला बायको मिळवून द्या, अशी मागणी. झालं! देशभर बातमी. इंग्रजी वाहिन्यांनी दाखवली, निवेदिका हसल्या, समाजशास्त्रज्ञांनी लिंगगुणोत्तराचे तक्ते काढले. बातमीला घोडा लागतो, हे मला तेव्हा कळलं.

पत्रकार पी. साईनाथांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांचं १९९६ सालचं पुस्तक दुष्काळ सर्वांना कसा आवडतो याबद्दलच आहे, आणि ते लिहिण्याआधी त्यांनी देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत मुक्काम ठोकून पायपीट केली होती. २००६ साली मुंबईच्या फॅशन वीकला पाचशेवर पत्रकार जमले होते, मॉडेलांच्या अंगावर सुती कपडे होते, आणि तोच कापूस पिकवणारे शेतकरी विदर्भात जीव देत असताना तिथे बाहेरचे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, हे त्यांनीच लिहून ठेवलं. २०१४ पासून त्यांचा ‘पारी’ हा उपक्रम खेड्यातल्या माणसांच्या गोष्टी मराठीतूनही देतो. मी वाचतो. विणकर, धनगर, मेंढ्या, जात्यावर गाणाऱ्या बाया. वाचताना एकच खंत वाटते, की यातल्या एकाही गोष्टीत सोसायटीचे व्हाईस चेअरमन उपस्थित नाहीत. आमच्या कचेरीने पहिल्याच परिच्छेदात परत पाठवली असती.

तरी चार ओळींत काम होतं कधीकधी, हेही सांगितलं पाहिजे. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका विधवा बाईची वारसनोंद वर्षभर अडली होती. नोटीस निघाली, पंधरा दिवस उलटले, हरकत कोणाची नाही, तरी फेरफार मंजूर होईना. कधी साहेब नाहीत, कधी सर्व्हर नाही, कधी दोघंही आहेत पण शिक्का नाही. बाई दर सोमवारी बाजाराला म्हणून यायची आणि पिशवी तशीच रिकामी घेऊन तहसील कचेरीच्या पायरीवर बसायची. मी आतल्या पानावर, तळाला, चार ओळी लावल्या. नावं नाहीत, फोटो नाही. तिसऱ्या दिवशी सातबाऱ्यावर बाईचं नाव चढलं. तिने मला शेंगा आणून दिल्या, आणि म्हणाली, “पेपरात काय लिव्हलंत ते वाचून दावा की.” मी वाचून दाखवलं. “एवढंच व्हय?” म्हणाली.

मानधन निघालं अडीच सेंटिमीटरचं. त्यानंतर तहसीलमधले साहेब माझ्याशी फार आदराने वागतात. खुर्ची देतात, चहा सांगतात. माझ्या स्वतःच्या वडिलोपार्जित जमिनीचा फेरफार त्यांच्याच टेबलावर आहे. विचारलं की म्हणतात, “पत्रकार साहेब, तुमचं काम घाईघाईत कसं करू? नियमानंच केलं पाहिजे. उद्या तुम्हीच लिहाल.”

परवा एक पाहुणे त्यांच्या पोराला घेऊन आले. “ह्याला पत्रकार करा. न्हाईतरी घरी काय करत न्हाई.” पोरगं चुणचुणीत होतं, हातात माईक होता आणि माईकला स्वतःच्या नावाचा ठोकळा. मी त्याला विचारलं, बाजार समितीच्या सभापतींचे व्याही कोण? सांगता येईना. पैसेवारी कशी काढतात? “सर्च करतो,” म्हणाला. मी म्हटलं, बाळा, दोन वर्षं नुसता बाजारात हिंड, एसटी स्टँडवर बस, तहसीलच्या पायरीवर बस, लोक काय बोलतात ते ऐक, मग ये. पोरगं ‘बरं’ म्हणालं, पाया पडलं आणि गेलं.

संध्याकाळी त्याच्या चॅनेलवर व्हिडिओ आला. मागे सायरनचा आवाज, लाल अक्षरात ‘ज्येष्ठ पत्रकाराने नवोदितास डावलले! तालुक्यात संतापाची लाट’. लाटेचं दृश्य म्हणून कुठल्या तरी जुन्या रास्ता रोकोचं चित्रण लावलं होतं आणि त्यात माझे सासरे स्पष्ट दिसत होते. रात्रीपर्यंत नऊ हजार लोकांनी तो पाहिला. खाली पहिली प्रतिक्रिया माझ्या मेव्हण्याची होती. ‘सत्य परिस्थिती मांडलीस भावा.’